गाईड नावाची व्यवस्था आली कुठून? गीसेन, कोलकाता, बंगळुरू

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून मला साधारण तीन प्रश्न येतात. टॉपिक कुठला घेऊ? गाईड कोण निवडू? आणि तिसरा, जरा बिचकत विचारलेला : मला रिसर्चची खरंच आवड आहे का, हे कसं कळणार? नेट-सेट झालेली असते, पेटचा फॉर्म भरलेला असतो, प्रपोजलची तारीख जवळ आलेली असते आणि हे तिन्ही प्रश्न एकदम अंगावर येतात.

सल्ला द्यायला सगळेच तयार असतात, म्हणून आज सल्ल्याआधी थोडा इतिहास सांगते. या तिन्ही प्रश्नांमागे आपण एक क्रम गृहीत धरलेला असतो. आधी आवड पक्की व्हायची, मग त्यातून विषय ठरायचा, मग त्या विषयातला गाईड शोधायचा. पण प्रयोगशाळेतली गाईड आणि विद्यार्थी ही पद्धत जिथे आकाराला आली, तिथे हा क्रम बऱ्याच वेळा उलटा होता. ती जागा म्हणजे जर्मनीतलं गीसेन हे छोटं गाव आणि काळ साधारण दोनशे वर्षांपूर्वीचा.

शिकवणारा न मिळालेला मुलगा

युस्टुस लीबिगचा जन्म १८०३ सालचा, डार्मश्टाट शहरातला. वडिलांचा रंग आणि रसायनांचा व्यापार होता, त्यामुळे पोरगा लहानपणापासून दुकानामागच्या जागेत काहीबाही उकळत बसायचा. शाळा त्याने पूर्ण केली नाही. एका औषध बनवणाऱ्याकडे उमेदवारी केली, तीही अर्धवट राहिली. पुढे बॉन विद्यापीठात कास्टनर नावाच्या प्राध्यापकांकडे गेला आणि ते एर्लांगनला गेले तेव्हा त्यांच्यामागे तिकडेही गेला. त्याला रासायनिक विश्लेषण शिकायचं होतं, म्हणजे एखाद्या पदार्थात काय आहे आणि किती आहे हे शोधून काढायला. कास्टनरांकडे ते शिकायला मिळालं नाही, ही तक्रार लीबिगने पुढे आयुष्यभर केली. व्याख्यानं भरपूर होती, पण विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काम करावं अशी सोय तेव्हाच्या बहुतेक विद्यापीठांत नव्हती. प्रयोगशाळा प्राध्यापकाची असायची. मुलांनी बाकावर बसून बघायचं.

१८२२ मध्ये सरकारी मदत मिळवून तो पॅरिसला गेला. तिथे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या शब्दामुळे त्याला गे-ल्युसाक यांच्या खासगी प्रयोगशाळेत प्रवेश मिळाला. गे-ल्युसाक म्हणजे वायूंच्या नियमामुळे अकरावी-बारावीत तुम्हाला भेटलेलं नाव. या माणसाबरोबर एकाच टेबलावर काम करताना लीबिगला पहिल्यांदा कळलं, की मोजमाप कसं करायचं, चूक कुठे शिरते आणि एक प्रयोग संपला की पुढचा प्रश्न कसा निघतो. प्रयोग जमला की गे-ल्युसाक त्याला धरून नाचायचे, असाही किस्सा सांगतात. त्याची डॉक्टरेट एर्लांगनचीच, आणि ती पदरात पडली तेव्हा तो पॅरिसमध्ये होता. म्हणजे पदवी एका जागेची आणि शिक्षण दुसऱ्याच जागेचं. ही गोष्ट आजही नवीन नाही.

१८२४ मध्ये, अवघ्या २१व्या वर्षी, हुम्बोल्टच्या शिफारशीवर त्याला गीसेनला प्राध्यापकी मिळाली. आपल्याला एका माणसाच्या मेहेरबानीने जे मिळालं, ते इथे रोजची व्यवस्था म्हणून का असू नये, हा प्रश्न घेऊन तो तिथे गेला.

पाच फुग्यांचं यंत्र

जागा मिळाली ती लष्करी बराकीची वापरात नसलेली चौकी. सुरुवातीचे बरेचसे विद्यार्थी औषधनिर्माण शिकायला आलेले होते. ही काही फार हुशार म्हणून निवडलेली मुलं नव्हती आणि हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे.

त्या काळात सेंद्रिय पदार्थातलं कार्बन आणि हायड्रोजनचं प्रमाण काढणं हे महाकठीण काम होतं. पदार्थ जाळायचा, निघालेला वायू गोळा करायचा आणि त्याचं आकारमान मोजायचं. नमुना अगदी थोडा घ्यावा लागे, त्यामुळे छोटी चूकही मोठी होऊन बसायची. हे काम नीट करू शकणारे लोक युरोपभर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

१८३१ मध्ये लीबिगने काचेचं एक साधं उपकरण जाहीर केलं : काली-अपाराट. नावात ‘काली’ आहे म्हणून देवीचा संबंध जोडू नका, जर्मनमध्ये ‘काली’ म्हणजे पोटॅश. त्रिकोणी आकारात वाकवलेल्या काचेच्या नळीवर पाच फुगे आणि आत पोटॅशचं, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर जाळला की त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, ते आधी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडकतं. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो बुडबुड्यांनी या पाच फुग्यांतून जाताना द्रावणात शोषला जातो. उपकरण आधी तोलायचं आणि नंतर तोलायचं. वजनातला फरक म्हणजे कार्बन डायऑक्साइड. झालं काम!

आकारमान मोजण्याऐवजी वजन करायचं, एवढाच बदल. पण त्यामुळे जे काम मोजक्या उस्तादांचं होतं, ते चिकाटीने शिकणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याच्या आवाक्यात आलं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही हे उपकरण आहे, जमलं तर बघा.

आता याचा स्पेशलायझेशनशी काय संबंध? सरळ आहे. नवा आलेला विद्यार्थी आधी ही पद्धत हातात बसवायचा. ती बसली की त्याला एक पदार्थ, एक छोटा प्रश्न मिळायचा आणि उत्तर आलं तर ते सगळ्या रसायनशास्त्रासाठी नवं असायचं. ‘माझा विषय कुठला’ हे ठरवून तो आलेला नसायचा. विषय हातातल्या पद्धतीतून तयार व्हायचा.

रोज सकाळचा रिपोर्ट

गीसेनच्या दिवसांबद्दल लीबिगने पुढे आठवणी लिहिल्या. त्यांतली व्यवस्था थोडक्यात सांगते. पद्धतशीर शिकवणं फक्त नवख्यांसाठी. पुढे गेलेल्या प्रत्येकाला तो काम नेमून द्यायचा आणि रोज सकाळी प्रत्येकाकडून दोन गोष्टी ऐकायचा : काल काय केलं, आणि आज काय करायचा विचार आहे. त्यावर तो होकार द्यायचा किंवा शंका काढायचा. पण वाट ज्याची त्याने शोधायची. शिवाय सगळे एकाच दालनात काम करत असल्यामुळे शेजारच्याचा प्रश्न काय आहे, त्याचं कुठे अडलंय, हे प्रत्येकाला माहीत असायचं. मुलं पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबायची आणि संध्याकाळी साफसफाईसाठी त्यांना बाहेर काढताना नोकर वैतागायचा.

या व्यवस्थेत गाईडचं काम काय होतं बघा. टॉपिक देणं हे फक्त पहिल्या दिवसाचं काम. पुढचं खरं काम रोज ऐकण्याचं. आणि विद्यार्थ्याचं काम, रोज सकाळी ‘आज मी हे का करणार आहे’ हे दुसऱ्या माणसासमोर शब्दांत मांडण्याचं. ज्यांनी कधी लॅबमध्ये काम केलंय त्यांना माहीत असेल, निम्म्या चुका या एका वाक्यातच सापडतात.

आता आजच्याशी ताडून बघा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार एका प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त ८ पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात, असोसिएट प्रोफेसरकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४. विद्यार्थ्याने दर सेमिस्टरला एकदा सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची. हा किमान नियम आहे आणि किमान म्हणून ठीकच आहे. पण पुष्कळ ठिकाणी हा किमान नियम हीच सगळी व्यवस्था होऊन बसते. सहा महिन्यांतून एकदा पीपीटी, चहा-बिस्किटं, सही. मधल्या काळात विद्यार्थ्याला वाटत राहतं, की आपलं मोटिव्हेशन कमी झालंय. खरं म्हणजे त्याला ऐकणारं कोणी नसतं.

कायदा आणि आर्किटेक्चर शिकायला आलेली मुलं

आता आवडीकडे येऊ. लीबिगच्या विद्यार्थ्यांतली दोन मोठी नावं घ्या.

आउगुस्ट विल्हेल्म होफमान गीसेनच्या विद्यापीठात आला होता कायदा शिकायला. त्याचे वडील वास्तुविशारद, लीबिगच्या प्रयोगशाळेचा विस्तार त्यांनीच केला. मुलगा रसायनशास्त्राकडे वळला आणि १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचा प्रमुख म्हणून गेला. तिथे त्याच्याच हाताखालच्या विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या मुलाने १८५६ मध्ये क्विनाइन बनवायच्या खटपटीत जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला.

दुसरा आउगुस्ट केकुले. हा आला आर्किटेक्चर शिकायला. लीबिगची व्याख्यानं ऐकली आणि विषय बदलायचं ठरवलं. घरच्यांना ते पसंत पडलं नाही, थोडं थांब आणि विचार कर असा आग्रह झाला. थांबला, आणि तरीही परत आला. १८६५ मध्ये बेन्झीनच्या रेणूची वर्तुळाकार रचना मांडणारा केकुले तो हाच.

दोघांपैकी कोणीही ‘लहानपणापासून मला केमिस्ट व्हायचं होतं’ असं म्हणत आलेला नव्हता. म्हणून ‘मला खरंच आवड आहे का’ या प्रश्नाचं उत्तर घरी बसून मिळेल अशी अपेक्षा करू नका. काम चालू असलेल्या जागी काही दिवस काढल्यावर ते मिळण्याची शक्यता जास्त.

गीसेनमध्ये लीबिगच्या काळात रसायन आणि औषधनिर्माण शिकून गेलेल्यांची संख्या सातशेहून जास्त होती. त्यांतली प्रसिद्ध नावं थोडी. बाकीचे औषधांच्या दुकानांत, कारखान्यांत, शाळांत गेले. त्यांना कोणी अपयशी म्हटलं नाही. रिसर्च शिकलेल्या प्रत्येकाने प्राध्यापक व्हायचं, हा हिशेब तेव्हाही नव्हता.

या चित्राची दुसरी बाजू

लीबिगला आदर्श गुरू करून देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. तो भयंकर तापट होता, छापील भांडणं करण्यात पटाईत. तब्येत बिघडवून घ्यायची तयारी नसेल तर आजकाल रसायनशास्त्रात काही होत नाही, असं त्याने आपल्याला सांगितल्याचं केकुलेने नोंदवून ठेवलंय. तेव्हाच्या धूर कोंडलेल्या खोल्या बघता ते शब्दशः खरंही होत असेल. हे वाक्य आजही अनेक लॅबमध्ये वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतं, आणि त्याला दोनशे वर्षांची परंपरा आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही.

शिवाय त्या दालनात एकही विद्यार्थिनी नव्हती. व्यवस्था चांगली होती, पण दार सगळ्यांना उघडं नव्हतं. ही गोष्ट पुढे आपल्याकडेही आली.

कोलकात्याची साखळी

गीसेनची पद्धत शिष्यांबरोबर पसरली. प्रफुल्लचंद्र रे १८८२ मध्ये एडिनबरोला गेले, तिथे त्यांचे शिक्षक अलेक्झांडर क्रम ब्राउन. हे क्रम ब्राउन स्वतः जर्मनीत बुन्सेन आणि कोल्बे यांच्याकडे काम करून आलेले, आणि कोल्बे हे व्योलरचे विद्यार्थी. व्योलर म्हणजे लीबिगचा आयुष्यभराचा मित्र. रे १८८८ मध्ये परत आले आणि पुढच्या वर्षी प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. इथे त्यांना गाईड म्हणावं असं कोणी नव्हतं, त्यांनाच ते व्हावं लागलं.

त्यांच्याबद्दलची एकच गोष्ट इथे सांगते. रे यांचं स्वतःचं नाव झालं ते मर्क्युरस नायट्राइट आणि इतर नायट्राइट संयुगांवरच्या कामामुळे. पण ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, नीलरतन धर हे त्यांचे नावाजलेले विद्यार्थी भौतिक रसायनशास्त्राकडे गेले. गुरूचं स्पेशलायझेशन एक, शिष्यांचं दुसरं. रे यांना त्यात कमीपणा वाटला नाही. तुमच्या डोक्यातला टॉपिक आणि गाईडच्या शेवटच्या पाच पेपरांचा टॉपिक तंतोतंत जुळलाच पाहिजे असं वाटत असेल, तर ही तीन नावं आठवा.

बंगळुरू : दार बंद होतं तेव्हा

१९३३. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिली आलेली कमला भागवत बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज करते. वडील आणि काका दोघंही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. मराठी वाचकांसाठी आणखी एक ओळख : दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, मुलगी आहे.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. समोर जाऊन कारण विचारलं आणि प्रवेश घेतल्याशिवाय हलणार नाही असं ठरवलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष तात्पुरतं, काम पसंत पडलं तरच पुढे कायम. गाईड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये! त्यांनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान विसरल्या नाहीत. १९९७ मध्ये झालेल्या सत्कारातही, रामन शास्त्रज्ञ मोठे पण दृष्टी कोती, असं त्यांनी स्पष्ट बोलून दाखवलं.

आता गाईडच्या दृष्टीने ही गोष्ट पुन्हा वाचा. संस्थेतलं सगळ्यात मोठं नाव रामन यांचं, पण कमलाबाईंना शिकवलं ते एम. श्रीनिवासय्या यांनी. कडक शिस्तीचे आणि मनापासून शिकवणारे. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली. वर्षभरानंतर रामन यांचंही समाधान झालं आणि संस्थेत मुलींसाठी वाट मोकळी झाली.

पुढे १९३७ मध्ये केंब्रिज. ब्रिटनमध्ये पीएच.डी. ही पदवीच तशी नवी, ऑक्सफर्डने ती १९१७ मध्ये सुरू केली आणि मग इतरांनी. कमलाबाई आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर होत्या. ते दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू झालं. म्हणजे गाईड बदलला आणि विषयही. आजच्या भाषेत ‘माझं करिअर संपलं’ असं वाटायची वेळ. पण हिल यांचा सायटोक्रोम या प्रथिनांवर आधीच अभ्यास होता, ती जाण त्या प्रयोगशाळेत मुरलेली होती. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम-सी सापडलं. श्वसनाची ही साखळी प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही आहे, हे त्यातून पुढे आलं. सुमारे १४ महिन्यांचं काम, ४० पानांच्या आसपासचा प्रबंध आणि १९३९ मध्ये पदवी. ज्यांचे प्रबंध तीनशे पानांवर जाऊनही संपत नाहीत, त्यांनी हा आकडा भिंतीवर लावायला हरकत नाही.

परत आल्यावर काही वर्षांनी त्या मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या, पुढे संचालकही झाल्या. तिथे विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी काम केलं ते नीरा आणि डाळींसारख्या गरिबाच्या ताटातल्या पदार्थांच्या पोषणमूल्यावर. बंगळुरूत हाती घेतलेली प्रथिनं, मध्ये बटाटा, आणि परत डाळी. त्यांचं स्पेशलायझेशन नंतर मागे वळून बघितल्यावर सरळ रेषेसारखं दिसतं. चालताना ते तसं दिसत नव्हतं.

मग तुम्ही काय विचाराल?

गाईडचा एच-इंडेक्स बघा, जरूर बघा. पण त्याआधी त्या लॅबमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा आणि कॅन्टीनमध्ये बसून विचारा :

गाईड तुझ्या कामाबद्दल शेवटचं कधी बोलले? गेल्या आठवड्यात की गेल्या सेमिस्टरला?

पहिल्या सहा महिन्यांत तुझ्या हातात कुठली पद्धत बसली? ती तुला कोणी शिकवली?

गाईडच्या म्हणण्याला तू कधी ‘नाही’ म्हणालास का? मग काय झालं?

शेजारच्या टेबलावर काय चाललंय, तुला माहीत आहे का?

आणि लॅबमधल्या मुलींना वेगळं विचारा, की रात्री थांबण्यावरून, फील्डवर्कवरून किंवा लग्नावरून इथे काय ऐकवलं जातं. कमलाबाईंना घातलेल्या अटी आज कागदावर कोणी लिहीत नाही, पण त्या बोलण्यातून ऐकू येतात.

अशी लॅब प्रत्येकाला मिळेलच असं नाही. गाईड निवडायची मुभाही पुष्कळ विद्यापीठांत नावापुरती असते, यादीत जे येईल ते घ्यावं लागतं. अशा वेळी गीसेनची निम्मी पद्धत तुमची तुम्ही उभी करू शकता. दोन-तीन जण जमा, विषय वेगळे असले तरी चालेल. रोज सकाळी दहा मिनिटं. काल काय केलं, आज काय करणार, आणि का. समोरच्याने फक्त ‘का’ विचारायचं. आमच्या विभागात आम्ही चौघं हे करतो. त्यातल्या एकीचा विषय बुरशी आहे आणि मला त्यातलं फारसं कळत नाही, तरी तिचं ऐकताना माझ्या प्रयोगातली फट दिसते.

टॉपिकची भीती थोडी कमी करा. आवड पक्की होण्याची वाट बघत फॉर्मची तारीख घालवू नका. एक पद्धत शिका, एक छोटा प्रश्न सोडवा आणि तो कोणाला तरी सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायला आणखी काही असलं, तर आवडीचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळायला लागलेलं असेल.